नऊपैकी आठ

आमच्या विक्रीप्रमुखांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. बाकी सगळीकडे ते पाचमिनिटे साहेब. ग्राहकाचा मेल आला की पाच मिनिटांत उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा एकमेव धर्म. आधी ते लोखंडी तिजोऱ्या विकायचे. पुढे लोकांचं मौल्यवान सगळं तिजोरीतून संगणकात गेलं, आणि त्याच्यामागोमाग साहेबही संगणक सुरक्षेच्या धंद्यात आले. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. कळणारी माणसं, म्हणजे मी, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची.

चार वर्षांत त्यांनी विक्री विभागात दोन माणसांची नऊ केली, स्वतःला धरून. ग्राहकाला घाबरवायचं नाही, असं ते बजावायचे. घाबरलेला माणूस सही करत नाही, घरी जाऊन मेहुण्याचा सल्ला घेतो. एखाद्या नवख्यानं सौदा बिघडवला तर त्याला बरोबर घेऊन पुन्हा ग्राहकाकडे जायचे आणि चूक माझीच होती म्हणून मोकळे व्हायचे. त्यांना वैताग होता तो एकाच माणसाचा. त्याला सगळे सावकाश म्हणत. हा गडी प्रत्येक मेल दोनदा वाचायचा आणि वर पाठवणाऱ्याला फोन करून विचारायचा, तुम्हीच पाठवलात ना? पुढच्या कपातीत पहिला नंबर त्याचा, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

मग एका मोठ्या इस्पितळातल्या लोकांना खोटे मेल ओळखायला शिकवायचं काम हाताशी आलं. हे गेलं तर चार माणसं कमी करीन, असं मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. इस्पितळाच्या संगणक विभागाच्या बाई खमक्या निघाल्या. आम्हाला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःच्या विक्रीवाल्यांना एक खोटा मेल पाठवा आणि किती जण फसले ते सांगा, अशी त्यांनी अट घातली. मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'पाचशे संगणकांसाठी दरपत्रक हवे, तातडीचे,' असा विषय टाकून मी आत एक लिंक ठेवली. मांजरापुढे दूध ठेवून त्याच्या शिस्तीची परीक्षा घेण्यातलाच हा प्रकार. मला ते कळत होतं, तरी पाठवला. हुशारीची खाज, दुसरं काय.

नऊपैकी आठ जणांनी लिंक उघडून वर पासवर्डही भरला. सगळ्यांत आधी साहेबांनी, चाळिसाव्या सेकंदाला. नववा सावकाश. त्यानं मेलमधल्या नंबरावर फोन लावला, तो माझ्याच टेबलावर वाजला.

साहेब माझ्याकडे आले आणि खुर्ची ओढून बसले. आकडा अजून कुणाकुणाला माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फक्त मला. दोन लिहिता येतील का, शून्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं ते हळूच म्हणाले. मी ते लिहिणार नाही, असं मी सांगितलं. तुम्हाला तोंडानं काय सांगायचं ते सांगा. ते उठले आणि खुर्ची जागेवर ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आकडा विचारला. साहेबांनी टाय सैल केला.

"आठ," ते म्हणाले. "नऊपैकी. पहिला मीच. घाई यांना मी शिकवलीय, तेव्हा आठही माझ्याच नावावर धरा."

बाईंनी लिहून घेतलं. दुसऱ्या एका कंपनीनं शून्य दाखवलं होतं. इस्पितळाच्या वरच्या मंडळींना शून्य दिसायला नीटनेटकं वाटलं आणि काम तिकडे गेलं.

मालकांनी थयथयाट केला. "खरं बोलायचा पगार देतो का मी तुम्हाला?" असं विचारून त्यांनी संध्याकाळपर्यंत चार नावं मागितली. साहेबांनी कागदावर एकच नाव लिहिलं, स्वतःचं. त्यांच्या एकट्याच्या पगारात चौघं सहज बसत होती. खाली शिफारस होती की विभाग सावकाशकडे द्यावा. मालकांनी दोन्ही मान्य केलं. साहेब खोकं घेऊन निघाले तेव्हा मी दार उघडून धरलं. माझ्याकडून तेवढंच झालं. मला स्वतःची लाज वाटत होती.

तीन महिन्यांनी बाईंचा फोन आला. इस्पितळात कुणीतरी एका मेलला भुललं होतं आणि दोन दिवस रुग्णांचे रिपोर्ट हातानं लिहावे लागले होते. शून्यवाले फोन उचलत नव्हते.

"तुमच्या कंपनीशी मला काम नाही," बाई म्हणाल्या. "तो आठ म्हणणारा माणूस कुठे भेटेल?"

असा फोन थेट मालकांकडे द्यायचा, हा आमच्याकडचा नियम. साहेबांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर दोन माणसांची कंपनी काढली होती. दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको. मी बाईंना तिथला नंबर दिला, सावकाश, एकेक आकडा दोनदा सांगून.

मालकांनी आतून विचारलं, कुणाचा फोन होता?

"कुणी नाही," मी म्हणाले. "काहीतरी विकायला बघत होते."