फरशीतला शिंपला

छावणीतल्या आमच्या नव्या घराची फरशी घासायला चितेगावहून एक चाचा यायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. मध्येच मशीन थांबवून ते गुडघ्यांवर बसत आणि डोळे मिटून ओल्या फरशीवरून तळहात फिरवत.

एकदा घासता घासता दाराजवळच्या पिवळ्या जैसलमेरी फरशीवर तपकिरी डाग उमटला. मी म्हणाले, "चाचा, ही काढून दुसरी बसवा."

"डाग नाय बाई, शिंपला हाय ह्यो. दगड झालेला. हा दगड निघतो तिथं कधीकाळी समंदर होता."

मी वाकून पाहिलं. बारीक रेघांचा पंखा खरोखरच दिसत होता. चाचांनी हात पुसून मोबाइलवर एक बातमी दाखवली. कच्छच्या खाणीत भल्यामोठ्या सापाचे मणके सापडले होते. आधी ते मगरीचे समजून ठेवून दिले होते. कित्येक वर्षांनी कुणीतरी पुन्हा नीट बघितलं, तेव्हा साप निघाला.

"किती घरांतले असे शिंपले फोडून फेकले मी," ते हळूच म्हणाले. "मालक डाग म्हणायचे, मी पण डागच म्हणायचो. ही बातमी वाचली, तवापासून हात धजत नाय."

फरशी राहिली. तेवढ्या तुकड्याला त्यांनी मशीन लावलं नाही. तासभर हातानंच घासत बसले. निघताना चपला घालून दारात थांबले.

"लई जुना जीव हाय बाई. याच्यावर पायपुसणं टाकू नका."

घरात माती येते म्हणून सगळे कुरकुरतात, पण आमचं पायपुसणं अजून बाहेरच्या पायरीवर असतं.