हजाराची नोट आणि आठ बाथचं तिकीट

बँकॉकला जायचं ठरलं तेव्हा माझ्या वडिलांचा पहिला प्रश्न होता, "तिथं सुट्ट्या पैशांचं कसं करायचं?" आप्पांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून कन्नड डेपोच्या गाड्यांवर गेली. जालना रोडवरच्या एका दुकानातून मी परदेशात चालणारं कार्ड घेतलं आणि थोडे बाथ, म्हणजे तिथले पैसे, रोख. सगळ्या हजाराच्या नोटा.

"चिल्लर नाय का, बाई?" आप्पांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"परदेशी नाणी आमच्याकडं नसतात, काका."

"कार्ड आहे ना आप्पा, कशाला लागतेय चिल्लर?" मी म्हणाले.

बँकॉकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिर बघायला निघालो, तर हॉटेलसमोर तिकडंच जाणारी लाल रंगाची, उघड्या खिडक्यांची बस येऊन थांबली. आप्पांचा चेहरा एकदम उजळला. "चल, हीच धरू!" टॅक्सी राहिली बाजूला, आम्ही पळत जाऊन चढलो.

कंडक्टर बाई होती. तिच्या हातात पत्र्याची लांबट नळी, तिकिटं आणि नाणी तिच्यातच. झाकण खटखट वाजवत ती आमच्याजवळ आली. मी ऐटीत कार्ड पुढं केलं. तिनं मान हलवली. मग मी हजाराची नोट काढली, तर तिनं कपाळालाच हात लावला. तिकीट होतं माणशी आठ बाथ! माझे कान गरम झाले. आता उतरवणार बहुतेक.

आप्पांनी माझ्या हातातली नोट घेतली आणि उठले. नोट उंच धरून खड्या आवाजात म्हणाले, "सुट्टे, सुट्टे! हजाराचे सुट्टे कुणाकडं?" चक्क मराठीत! धावत्या बसमध्ये, दांडी न धरता, कंबर सीटला टेकवून ते बाकामागून बाक पुढं सरकत होते. एका आजीनं पाचशेच्या दोन नोटा दिल्या. चष्मेवाल्या बाईनं त्यातल्या एकीचे शंभर-शंभर करून दिले. फळांची टोपली घेतलेल्या माणसानं शंभराच्या विसाच्या नोटा दिल्या. प्रत्येकजण हसून मदत करत होता.

आप्पांनी विसाची नोट कंडक्टर बाईपुढं धरली. ती बघतच राहिली. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, तिकिटाला पंच मारल्यासारखं केलं, वरची दोरी ओढल्यासारखा हात हलवला. "टिंग टिंग!"

तिला कळलं! ती ओरडून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली, त्यानं आरशात बघून हॉर्न वाजवला. तिनं ती नळीच आप्पांच्या हातात दिली. खटखट, खटखट! अख्खी बस हसायला लागली. घरी जेवढ्यास तेवढं बोलणारा हा माणूस, आणि इथं त्याच्याभोवती सगळी बस गोळा झालेली. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

तेवढ्यात आमचा स्टॉप मागं गेल्याचं मला दिसलं.

"आप्पा, आपल्याला उतरायचं होतं!"

"राहू दे की," नळी परत देत ते म्हणाले. "शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊ. गाडी लई झ्याक हाय."