संशयराव आणि चिनी कौल

वीजमीटर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. सील वरून धड दिसलं तरी ते नखाने कुरतडून बघायचे, म्हणून कचेरीत त्यांना संशयराव म्हणत. निवृत्तीनंतर घरचेही म्हणू लागले.

त्यांची धाकटी बहीण त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची आणि शिवणकाम करायची. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली, ती तिने पुढे ढकलली. पुढची दिली, तीही ढकलली. विचारलं तर म्हणाली, कौल नीट येत नाहीये.

कसला कौल, हे काढून घ्यायला संशयरावांना फार वेळ लागला नाही. लाँड्रीच्या वरच्या खोलीत एक मास्तर चीनमधली जुनी शकुनविद्या शिकवायचे. तीन नाणी सहादा टाकायची, दर वेळी एक रेघ काढायची, सहा रेघांची आकृती झाली की पुस्तकात तिच्याखालचं वचन वाचायचं. मास्तर पूर्वी बसची तिकिटं विकायचे. संशयरावांना संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं.

त्यांनी बहिणीकडून मास्तरांनी केलेलं भाषांतर मागून आणलं. जवळजवळ प्रत्येक वचनाच्या शेवटी एकच वाक्य होतं: मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. बहीण डोळा घालवून बसणार आणि हा गृहस्थ शिष्य बांधून ठेवणार, असा त्यांनी हिशेब लावला. तरी खात्री हवी म्हणून ते वाचनालयात गेले.

तिथल्या बाईंनी तीन भाषांतरं समोर ठेवली. पहिलं चकचकीत, लग्नापासून धंद्यापर्यंत सगळ्यावर उत्तर देणारं. दुसऱ्याची भाषा इतकी गुळगुळीत की कुठे बोट ठेवायला जागा नाही. तिसरं जुनं, अर्ध्या पानभर टिपा, आणि जागोजागी भाषांतरकाराने लिहिलेलं की मूळ शब्दाचे इथे दोन अर्थ होतात, नक्की कोणता ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही तर लिहिलं कशाला, म्हणून संशयरावांचा पहिला संशय याच माणसावर आला.

मग त्यांनी एकच वचन तिन्हींत ताडून पाहिलं. एक म्हणत होतं, पुढे जा. दुसरं, थांब. दोघंही छातीठोक. हा गोंधळ का झाला, ते तिसऱ्याच्या टिपेत लिहिलेलं होतं. त्यांनी तेच पुस्तक नावावर घेतलं. मास्तरांचं ते वाक्य मात्र तिन्हींत कुठेच नव्हतं.

चोर सापडला, असं म्हणत ते लाँड्रीचा जिना चढले. मास्तर सतरंज्या झटकत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते वाक्य माझंच आहे," ते म्हणाले. "एका विद्यार्थ्याने वचन वाचलं, दुखणं आपोआप जाईल असा अर्थ काढला आणि औषधं सोडली. जिवावर बेतलं होतं. पुढच्या छपाईत मी ते घातलं."

"आणि माझ्या बहिणीला काय सांगितलंत?"

"डोळ्याचं नाण्यांना विचारू नका, डॉक्टरांना विचारा. पुन्हा तुमच्या बहिणीने विषय काढला नाही."

संशयरावांचा विश्वास बसला नाही. ते थेट बहिणीकडे गेले. ती खिडकीशी सुईत दोरा ओवायला धडपडत होती. त्यांनी मास्तरांचं म्हणणं तिच्यापुढे ठेवलं.

"खरं आहे त्यांचं," ती म्हणाली. "मला भीती वाटते, दादा. डोळ्याला सुरी लावणार. भीती वाटते म्हटलं असतं तर तू हसला असतास. कौलाचं नाव काढलं, तर निदान भांडायला तरी आलास."

संशयराव तिच्या शेजारी बसले. मास्तरांवर, भाषांतरकारांवर, वाचनालयातल्या बाईंवरसुद्धा त्यांनी संशय घेतला होता. बहिणीला मात्र एकदाही नीट विचारलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावर पट्टी होती तोवर ते तिला ते जुनं भाषांतर वाचून दाखवायचे, टिपांसकट. टिपा सोड रे, असं ती कंटाळून म्हणायची. ते सोडायचे नाहीत.

मास्तरांना मात्र त्यांनी बजावलं की आपली वाक्यं कंसात घाला. मास्तरांनी ऐकलं. नवी प्रत आली तशी संशयराव तिसरं भाषांतर शेजारी ठेवून बसले, कंसाबाहेर आणखी काय घुसडलंय ते शोधत.