पुरा पाह्यला काय?

भगवंतराव पेशकार माझ्याशी बोलले तो पहिला शब्द ‘तिकीट’ हा होता. मी तलमडुगूहून आदिलाबादच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. पोलीस ॲक्शनला वर्षही झालं नव्हतं. निजामाचं राज्य गेलं होतं, पण कचेरीतली टेबलं, उर्दू आणि पेशकार जागच्या जागी होते. सोमवारी संध्याकाळी समोरच्या कादरभाईच्या हॉटेलात चारपाच जण आदल्या दिवशीच्या पिक्चरवर बोलत बसलेले दिसले. मीही खुर्ची ओढली आणि म्हणालो, पिक्चर फार छान होता, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेशकारांनी नुसता हात पुढे केला.

‘‘तिकीट?’’

तिकीट मी केव्हाच फेकून दिलं होतं, तसं सांगितलं.

‘‘मंग ऊठ. अन् पाणी कांदा चिरल्यावरबी येते.’’

मी उठलो. मागे सगळे हसले. हा माणूस मला आवडत नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही बरं लिहिलं तर ते भिडेपोटी लिहिलेलं नाही, हे कळेल.

पेशकार म्हणजे तहसीलदारापुढे मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, वाचून दाखवणारा माणूस. भगवंतरावांची उभी हयात त्यात गेली होती. शेताच्या बांधावरून भांडणारे लोक, त्यांचे शिकवून आणलेले साक्षीदार, त्यांच्या शपथा हे सगळं रोज ऐकून त्यांचा चेहरा उन्हात वाळलेल्या चामड्यासारखा झाला होता. सिनेमाचं वेड मात्र विलक्षण. कापसाच्या बाजाराच्या मैदानात फिरत्या टॉकीजचा तंबू लागला की प्रत्येक नवा पिक्चर ते पाहत, आणि सोमवारी हॉटेलात त्याचा खटला चालवत. नियम दोनच होते. दारावर फाडून मिळालेलं अर्धं तिकीट बशीखाली ठेवायचं आणि पिक्चर शेवटापर्यंत पाहिलेला असायचा. ‘‘पुरा पाह्यला काय? मंग बोल,’’ असं ते प्रत्येकाला विचारत. ‘‘अर्धी मिसल वाचून फैसला देत नसतात.’’

सगळ्यांचं बोलून झालं की पेशकार उलटतपासणी घेत आणि शेवटी स्वतःचा रिकामा कप बशीवर पालथा घालत. याचा अर्थ खारिज. कप सरळ राहिला तर पिक्चर मंजूर. सात-आठ वर्षांत मी तो कप सरळ राहिलेला पाहिला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मी तिकीट जपून आणायला लागलो, कारण अपमान झाला तरी त्या बैठकीची चटक वाईट होती. एका नायिकेवर मी अगदी फिदा होतो. तिच्या नदीकाठच्या गाण्याची तारीफ केली तर पेशकार म्हणाले, ‘‘बाप घरी बिमार, अन् ही पोरगी नदीवर गाणं म्हणून राह्यली. घरी चूल कोण पेटवून राह्यलं?’’ त्यानंतर ते गाणं ऐकलं की मला ती न पेटलेली चूलच दिसायची. एकदा तंबूचा मालक स्वतः हॉटेलात आला आणि हात जोडून म्हणाला, पेशकारसाहेब, तुमच्या कपामुळे माझे सोमवारचे लोक कमी होतात. पेशकारांनी त्याला चहा पाजला, त्याची विचारपूस केली आणि त्याच्यासमोरच कप पालथा घातला.

मास्तरांचं आणि श्यामरावांचं त्यांच्याशी रोजचं हाडवैर. मास्तर सरकारी शाळेत शिकवत, श्यामराव जिनिंग फॅक्टरीत होते. दोघंही घरी जाताना पेशकारांना यथेच्छ शिव्या देत आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसत. मीही त्यातलाच.

मग भाषावार राज्यं करायचं ठरलं. किनवट मुंबई राज्यात गेलं, राजुरा गेलं, आणि आदिलाबाद आंध्राच्या वाट्याला आलं. आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली मराठी घरं एका रात्रीत पाहुणी झाल्यासारखी झाली. उद्यापासून कचेरीत तेलुगू येणार, बढत्या तेलुगूवाल्यांना मिळणार, पोरांच्या शाळा बंद होणार, अशी बोलणी सुरू झाली. त्यातलं किती खरं आणि किती भीतीपोटी, हे तेव्हा कोण पाहतो? कचेरीतल्या ज्यांना मुंबई राज्यात जायचं त्यांनी तसं लिहून द्यायचं होतं. ते कागद गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. मी स्वतः नांदेड लिहिलं. भगवंतरावांनीही नांदेडच लिहून दिलं. त्यांची एकुलती एक मुलगी तिथं दिलेली होती आणि नातू नुकता चालायला लागला होता. कागद देताना ते एवढंच म्हणाले, ‘‘पोट्ट्याले पिक्चर पाह्यला शिकवतो. नाहीतर तुज्यासारखा निंगन.’’

नेमका त्याच महिन्यात तंबूत तेलुगू पिक्चर लागला. याआधीही कधीमधी लागत आणि आम्ही मुकाट्याने पाहत असू. तेलुगू आम्हा सगळ्यांना येत होतं, पण त्या वर्षी आम्ही ते विसरलो होतो. मास्तरांनी ठरवलं, ‘‘आपण जाऊन पाह्यचा अन् सोमवारी याची चामडी सोलायची. गावाले समजलं पाह्यजे.’’ मी आणि श्यामरावांनी मान डोलावली. रविवारी आम्ही तिघं तिकिटं काढून मागच्या बाकावर बसलो. पेशकार नेहमीप्रमाणे पुढच्या खुर्चीत होते. गोष्ट दोन भावांची होती. ते वाटणीवरून भांडतात आणि अंगणात भिंत घालतात. पहिल्या इंटरवलला दिवे लागले तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘चला, लय झालं,’’ आणि आम्ही तिघं बाहेर पडलो. आपण एक मोर्चाच काढला आहे असं मला वाटत होतं.

सोमवारी हॉटेलात नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती. आम्ही तिघांनी तिकिटांचे तुकडे बशीखाली ठेवले. पेशकारांनी विचारलं, ‘‘पुरा पाह्यला काय?’’

‘‘पुरा,’’ मास्तर म्हणाले. आम्हीही तेच म्हणालो.

मग आम्ही जे तोंड सोडलं ते सांगायला आज लाज वाटते. नट जाडा आहे, गाणी म्हणजे डब्यात खडे, बाया ओरडतात, हेच आता आपल्या डोक्यावर बसणार. लोक टेबलं बडवत होते. पेशकार सगळं ऐकत होते. आमचं संपल्यावर त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप बशीवर सरळ ठेवला.

एवढ्या वर्षांतला पहिला मंजूर पिक्चर, आणि तो तेलुगू.

‘‘पिक्चर चांगला हाय,’’ ते म्हणाले.

‘‘चांगला हाय?’’ श्यामराव उठून उभे राहिले. ‘‘एवढे हिंदी पाह्यले, एवढे मराठी पाह्यले, ते समदे खारिज. अन् हाच मंजूर?’’

‘‘ते खराब होते म्हणून खारिज.’’

कोणीतरी मागून ‘फितूर’ म्हणालं. मला त्या शब्दाची चव आवडली. मी म्हणालो, ‘‘पेशकारसाहेब, नव्या सरकारात बढती पाह्यजे असन तर सरळ सांगा ना. पिक्चरच्या आडून काऊन सांगता?’’ त्यांचा नांदेडचा कागद माझ्याच कपाटात पडलेला होता. बढतीचं ते खोटं आहे हे त्या हॉटेलात त्यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं आणि मीच ते बोललो.

कचेरीत विचारत त्याच आवाजात पेशकारांनी विचारलं, ‘‘आखिरीले काय होते, मधू?’’

रोज शिकवलेले साक्षीदार पाहणारा मी कचेरीचा माणूस. खोटी साक्ष द्यायची तर आधी ती जुळवावी लागते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? आणि आम्ही शेवट जुळवायचाच विसरलो होतो. पण मला चटकन सुचलं. ‘‘काय होणार? थोरला भाऊ मरते.’’

‘‘मरते?’’ त्यांनी श्यामरावांकडे पाहिलं.

‘‘मरते ना. विहिरीत.’’

‘‘धाकटाच ढकलते त्याले,’’ मास्तरांनी भर घातली. ‘‘या लोकांच्या पिक्चरात दुसरं काय होते?’’

‘‘बराबर,’’ पेशकार म्हणाले. त्यांनी आम्हा तिघांची तिकिटं बशीखालून काढली, एकावर एक नीट रचली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. टोपी घातली आणि ते निघून गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याला कबूल करावं लागलं, असं मास्तर दोन दिवस सांगत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडताच पेशकार माझ्या टेबलाशी आले. ‘‘माहा कागद दे जरा.’’ मी दिला. त्यांनी उभ्या उभ्या नांदेड या शब्दावर रेघ मारली, वर आदिलाबाद लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला. मुलीचं काय, असं मी विचारलं नाही. मला तर आनंद झाला होता. बघा, मी म्हणत नव्हतो? जेवणाच्या सुट्टीत मी ही बातमी मास्तरांकडे पोचवली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाली. भगवंतराव बढतीसाठी राहिले. ती बढती त्यांना कधीच मिळाली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती, हे मी पुष्कळ नंतर ऐकलं.

ते हॉटेलात पुन्हा आले नाहीत. सोमवारची बैठक दोन आठवडे चालली. पण पेशकार नसल्यावर कोणाला काहीही बोलता येऊ लागलं, आणि काहीही बोलता यायला लागल्यावर बोलण्यात मजा राहिली नाही. महिन्याभरात मी नांदेडला गेलो. निघताना त्यांचा निरोप घेतला नाही.

चौदा-पंधरा वर्षांनी इचोड्याला पुतण्याच्या लग्नाला गेलो होतो. परत येताना आदिलाबादला गाडी बदलायची होती आणि मध्ये चार तास रिकामे होते. मैदानात आता पक्की टॉकीज उभी राहिली होती. मॅटिनीला जुना तेलुगू पिक्चर होता. बाहेरच्या चित्रांत अंगणातली भिंत दिसली आणि मी तिकीट काढलं.

या वेळी मी शेवटपर्यंत बसलो. थोरला भाऊ मरत नाही. त्या पिक्चरमध्ये कोणीच मरत नाही. त्यात विहीरसुद्धा नाही. भिंतही पडत नाही. शेवटी थोरला भिंतीच्या अलीकडे जेवायला बसतो आणि पलीकडे धाकट्याला हाक मारून विचारतो, जेवलास काय. पलीकडून ‘हो’ येतं, आणि पडदा पांढरा होतो.

दिवे लागले, लोक उठले. मी बसून राहिलो. त्या सोमवारी त्यांना सगळं कळलं होतं. आम्ही तिघांनी त्यांच्या तोंडावर नसलेल्या विहिरीत नसलेला माणूस बुडवला होता, आणि ‘बराबर’ हा शब्द पिक्चरबद्दल नव्हता, आमच्याबद्दल होता. त्यांनी तिथंच उघडं पाडलं असतं तर मी आयुष्यभर त्यांचा निश्चिंत द्वेष करू शकलो असतो. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

गाडी सोडून मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. नजर कमी झाली होती. मी नाव सांगितलं तर ‘बस’ म्हणाले नाहीत, म्हणून उभाच राहिलो.

‘‘पेशकारसाहेब, थोरला मरत नाही.’’

‘‘आज पाह्यला?’’

‘‘हो.’’

‘‘तिकीट?’’

खिशात होतं. मी त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन उलटंसुलटं पाहिलं. मी विचारलं, ‘‘आमच्यामुळे तुम्ही नांदेड सोडलं. नातू तिकडं होता. एवढं काऊन?’’

‘‘उमरभर खोटे गवाह ऐकले, पगारासाठी,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्यासंगं तिकडं जाऊन अजून काऊन ऐकू? पोट्टं दिवाळीले येत होतं माह्याकडं.’’ त्यात राग होता, पंधरा वर्षं जपून ठेवलेला, आणि तो त्यांनी लपवला नाही. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर त्यांनी कप पालथा घातला असता.

मग त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून दोन चहा सांगितले आणि पायानं एक पाट माझ्याकडे सरकवला. ‘‘पुरा पाह्यला काय?’’

‘‘पुरा.’’

‘‘मंग बोल. कसा हाय?’’

मी खरं ते सांगितलं. ‘‘मले नाही आवडला, साहेब. भिंतीचं लय ताणलं. अन् शेवट अगदीच पाणचट.’’

भगवंतराव पेशकारांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं. त्यांनी तिकीट चहाच्या बशीखाली सरकवलं, पुढे झुकले आणि म्हणाले, ‘‘तुले अक्कल तवाबी नव्हती. सांग, काऊन पाणचट?’’