रिकाम्या नळीचा आलेख

अमरावतीच्या आमच्या बाई कधी ओरडल्या नाहीत. ओरडायलाही समोरचं माणूस थोडं आपलं वाटावं लागतं. पहिल्याच दिवशी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "कावून आली तू पीएचडीले? घरी काही काम नव्हतं का?" आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागल्या.

बाईंचा विषय जिवाणूंची चरबी. जिवाणू वाढवायचे, त्यांची चरबी काढून यंत्रात सोडायची. कागदावर शिखरं उमटतात, एकेक शिखर म्हणजे चरबीतलं एकेक मेदाम्ल. त्यांच्या प्रमाणावरून जिवाणू ओळखता येतो. बाई तो कागद नुसता बघून सांगायच्या, कोणी घाई केली, कोणी काम टाळलं. त्यांचं चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. म्हणून तर टिकले.

खारपाणपट्ट्यातल्या मातीतला माझा जिवाणू निराळा निघाला. जिवाणूंत सहसा न सापडणारं एक मेदाम्ल त्याच्यात दर वेळी यायचं. नवी प्रजाती! बाबांना मी दवाखान्यातच सांगितलं. एसटीत कंडक्टर होते; आता हिवरखेडहून अकोल्याला डायलिसिसला यायचे. "तुह्या नावापुढे डॉक्टर लागलेलं पाहू दे, मंग मी मोकळा," म्हणायचे. हे बाईंना मीच सांगितलं होतं.

प्रबंधाआधीच्या सादरीकरणाला सगळा विभाग बसला होता. माझं संपल्यावर बाई म्हणाल्या, "जिवाणू न टाकता रिकामी नळी यंत्रात चालवून पाह्यली होती?" नव्हती. त्यांनी पर्समधून एक आलेख काढला. मी धुतलेली रिकामी नळी, आणि त्यात तेच शिखर. "हे सरकीचं तेल आहे. जेवणाचा डबा अन् नळ्या एकाच घासणीनं घासते हे पोरगी. नवी प्रजाती हिच्या मायच्या कढईत सापडली." सगळे हसले. मीही हसले, त्याची अजून लाज वाटते. आलेखावरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाई, तवाच कावून नाही सांगितलं?"

"तवा सांगितलं असतं तं विसरली असती."

"बाबांजवळ तेवढा वेळ नाही, बाई."

"मंग यंत्राले काय सांगू मी?"

सगळं नव्याने करायला दोन वर्षं लागली. बाबा पहिल्याच वर्षी गेले.

आता मी अकोल्यात शिकवते. माझ्याकडून चुकीचा आलेख बाहेर जात नाही. लोक म्हणतात, बाईंची शिस्त. मला बाईंचा रागच येतो, अजूनही. गेल्या महिन्यात बाई वारल्याचा फोन आला. माझी विद्यार्थिनी चाचरत म्हणाली, "मॅडम, आज काम बंद ठेवू का?"

"कावून?" मी म्हणाले. "बाई मेल्या. तुहे जिवाणू जित्ते आहेत नं?"

ती आत गेली. तिच्या घरी कोण कोण आहे, हे मी कधी विचारलेलं नाही.