चौदा सह्यांचं पान

नववीच्या वर्गात गणिताच्या सरांनी माह्या हातातून आदेशवही घेतली. वाचली. हासले. मंग पोरांसमोर मोठ्यानं वाचली.

"शिपाई यांनी आज दुपारी संडासाच्या टाकीत उतरून गाळ काढावा. लेखी मागितल्यावरून आदेश देण्यात येत आहे."

अख्खा वर्ग हासला. त्या पोरायची घंटा मीच वाजवत होतो. सरांनी सही केली, वही परत दिली, म्हणे, "जा बाबा, अजून सात वर्ग बाकी आहेत."

मी गेलो. हेच मले अजून जाळते. मी गेलो.

आमच्या शाळेची रीत अशी. हेडमास्तरनं आदेश वहीत लिहायचा, शिपायानं वही वर्गावर्गात न्यायची, मास्तरायनं वाचून सही करायची. अठ्ठावीस वर्षं फिरवली मी ती वही. सुट्टीची, परीक्षेची, कोणी मेलं त्याची. त्या दिवशी माही स्वतःचीच फिरवली.

झालं असं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती अन् सकाळी टाकी तुंबली. उपसायची गाडी दोन दिवसांनी येणार होती. हेडमास्तरनं मले बोलावलं. "अबे, तूच उतर. तुमच्या लोकांना सवय असते."

मी म्हटलं, "सर, लेखी द्या."

हे मी त्याच्यापासूनच शिकलो. तो मुख्याध्यापकायच्या संघटनेचा तालुका सचिव. सभा आमच्याच शाळेत. टेबलावर हात आपटून सांगे, लेखी आदेशाशिवाय कोणाचं काम करू नका, मुख्याध्यापक कोणाचा घरगडी नाही. सारे टाळ्या वाजवत. मी दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभा. मले ते बोलणं लई आवडे. मले वाटे, हे आपल्यालेही लागू हाय.

तो खुर्चीत मागं रेलून हासला. चौथी पास माणूस मले कायदा शिकवून राह्यला, म्हणे. वही ओढली, झरझर लिहिलं. "घे लेखी. आता सगळ्यांच्या सह्या आण." माही फजिती चौदा वर्गांत व्हावी, एवढ्यासाठी त्यानं लिहिलं. लेकाच्याले वाटलं, ह्याले वाचता कुठं येते.

चौदावी सही झाल्यावर मी जिन्यावर बसलो. अक्षर गिचमिड होतं. एकेक अक्षर लावून वाचलं. "उतरून" या शब्दापाशी थांबलो. माह्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली अन् गावचं ढोर ओढणं टाकलं. गावानं वर्षभर काम देल्लं नाई, तरी परत हात लावला नाई. अन् मी ही वही घेऊन, खाली मान घालून, चौदा दारं फिरून आलो होतो. बापापेक्षा मी शिकलेला म्हणे.

खाली माह्या सहीची जागा रिकामी होती. मी लिहिलं, "वाचलं. उतरणार नाही." खाली सही. रस्त्यापलीकडं जाऊन त्या पानाची झेरॉक्स काढली, मंग वही टेबलावर ठेवली.

त्यानं वाचलं. त्याचं तोंड पाह्यण्यासारखं झालं. "हे पान फाड," म्हणे.

"पानायवर नंबर हायेत, सर. वही सांभाळणं तुमची जबाबदारी हाय."

आमच्या शिपाई-कारकुनायची बी संघटना हाय. तिचा पुढारी म्हणे, सहा महिने राह्यले नोकरीचे, जमवून घ्या. मी एकटाच वर्धेले शिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबानं झेरॉक्स पाह्यली अन् मले बसवलं. टाकीत माणूस उतरवणं गुन्हा हाय, म्हणे. मले माईत नव्हतं. हेडमास्तरले माईत होतं. त्या कायद्याचा, त्याच्याच सहीचा फलक शाळेच्या भिंतीवर होता; मी कधी लावून वाचला नव्हता.

संस्थेनं त्याले निलंबित केलं. त्याच्या संघटनेनं काळ्या फिती लावल्या.

रविवारी तो आमच्या नालवाडीच्या घरी आला. पेढ्याचा डबा घेऊन. अठ्ठावीस वर्षांत पह्यल्यांदा मले काका म्हणे. "काका, एवढंच सांगा की चेष्टा होती. आपल्या दोघांची."

मी म्हटलं, "चेष्टेवर चौदा सह्या कोण घेते, सर?"

मी त्याले बस म्हटलं नाई. त्यानं हात जोडले. खोटं काऊन सांगू, मले बरं वाटलं. अजून थोडा वेळ उभा राहू देल्ला. मंग माह्या बायकोनं डबा त्याच्या हातात परत ठेवला. "घरी पोरायले द्या," म्हणे. बस्स, एवढंच.

एक मास्तर मले म्हणे, तुम्ही बुद्धाचे लोक, क्षमा करा. क्षमा ज्याले पाह्यजे असते त्यालेच आठवते.

उद्या चौकशी हाय. मी चौकशीवाल्यायले सांगतलं, त्याले सारे कागद द्या. संघटनेचा माणूस सोबत बसू द्या. त्याले पुरं बोलू द्या. त्याचा एक हक्क मी बुडू देणार नाई, नाईतर उद्या तो त्याच फटीतून निसटते.

संस्थावाले म्हणतात, दुसऱ्या गावच्या शाळेत बदली करून मिटवू. मले बदली नको. बदली म्हणजे दुसऱ्या गावचा दुसरा शिपाई. मले तो खुर्चीवरून कायमचा उतरलेला पाह्यचा हाय. तारखेवर तारीख देवोत, मी जाईन. मधात मेलो तर बायको जाईल. माहा जबाब तिनं पाठ केला हाय.