शेटे सरांनी केलेला हात

आमची कंपनी तेव्हा काश्मीरमध्ये, एका नाल्यावरच्या पोस्टवर होती. मी हुद्द्यानं नाईक. माझ्या सेक्शनमध्ये शिपाई दत्ता होता, माझ्याच गावचा, लिंबागणेशचा. सकाळी सहा चाळीसला आमचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, परत येत होतं. चढ निसरडा होता. मी वरून दत्ताला उजवा हात दिला आणि म्हणालो, "डावीकडच्या दगडावर पाय ठेव." त्यानं ठेवला. खाली सुरुंग होता.

रेडिओवर कोणीतरी सांगत होतं, "दोन कॅज्युअल्टी. एक फेटल, एक सीरियस. ओव्हर." फेटल म्हणजे दत्ता, सीरियस म्हणजे मी. उजवा हात कोपराखाली तुटला होता.

पेन्शन घेऊन गावी आलो. हाताच्या जागी लोखंडी आकडा. सदऱ्याची बटणं बायको लावायची आणि मी उगाच तिच्यावर चिडायचो. दत्ताचे वडील, नाना, पलीकडच्याच गल्लीत राहायचे. तीन वर्षं मी ती गल्ली टाळली. दगड मी दाखवला होता, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

अशात शेटे सर भेटले. मूळचे जवळच्याच मांजरसुंब्याचे, घरचं किराणा दुकान, आणि हे शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोफेसर. त्या वर्षांत परदेशी गाड्यांचे कारखाने देशात येऊ लागले होते. रोबो म्हटलं की लोकांना वेल्डिंग करणारं यंत्रच आठवायचं. सरांचे विद्यार्थी कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांमागे पळत होते. सर मात्र हात गेलेल्या माणसाला हात करून द्यायचा म्हणून हटून बसले होते.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या थोट्या हाताला पट्ट्या चिकटवल्या. स्नायूत उठणारी बारीकशी वीज त्या पट्ट्या ओळखतात, म्हणाले. "आता मूठ वळायची, आसं मनात आणा." मी आणलं. दोन फुटांवर, टेबलावर ठेवलेला हात हळूच मिटला. वायरीच्या टोकाला माझी मूठ मिटली होती! गावातल्या गणपतीपुढंही मला कधी इतकं नवल वाटलं नव्हतं.

आठ महिने मी कॉलेजात जात होतो. खुर्चीवर बसवून सर मला फौजी ऑर्डरी द्यायचे, "बंद कर! खोल!" त्यांना हौस, मला सवय. पेला जमला, टोमॅटो जमला. घरी सरावाला अंडी इतकी फुटली की बायको म्हणाली, "तुमच्या सायन्सपायी आमी रोज आमलेटच खायचं का?"

मग गावात चाचणी ठरली. घामात पट्ट्या चालतात का, हे सरांना पाहायचं होतं. भर उन्हाळा, सकाळचे अकरा, शाळेची ओसरी. गाव लोटलं होतं. हात मला बांधला. मी उभा राहिलो. शेवटची चाचणी होती जित्या माणसाचा हात धरायची. सर आपला हात पुढं करणार, तोच गर्दीतून नाना आले.

"माजा धर."

मी धरला. सर ओरडले, "खोल!"

हात उघडला नाही. उभ्यानं ऑर्डर ऐकली आणि माझं अंग आपोआप सावधान झालं. सावधानमध्ये फौजी माणसाची मूठ बंद असते. सर पुन्हा ओरडले, मी आणखी ताठ झालो, बोटं आणखी आवळली. नानांचा चेहरा पांढरा पडला. सरांचा हात बॅटरीकडं गेला आणि थांबला. बॅटरी तोडली तर बोटं आहेत तिथंच अडकणार, स्क्रू काढायला अर्धा तास. मला भीती वाटली. मुलगा माझ्यामुळं गेला, आता बापाचा हात मोडतोय.

"वरडू नका, सर," नाना म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "घाई न्हाई. बस खाली."

आम्ही दोघं पायरीवर बसलो. तीन वर्षं दाबून ठेवलेलं तोंडातून आपसूक निघालं.

"नाना, त्या दगडावर पाय ठेव, आसं मीच म्हणालतो त्याला."

बोलून झालं तेव्हा हात उघडला होता. मला कळलंच नाही, सरांनी खुणेनं दाखवलं. सर घामानं निथळत होते.

पुढं सरांनी लकवा झालेल्यांना चालवणारी यंत्रं केली, पाठीचा कणा दुखावलेल्यांना उभं केलं. ते पाहून मी दर वेळी थक्क व्हायचो. पण प्रयोगशाळेत त्यांनी पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही. रोग्याला आधी बसवा, मग हळू बोला, हे ते प्रत्येक विद्यार्थ्याला बजावत.

त्या दिवशी मात्र हात सुटल्यावरही आम्ही दोघं पायरीवरच बसून होतो. नानांच्या हातावर निळे वळ उठले होते.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "दत्त्यानं पत्रात लिहिलतं. नाईकसाहेब म्हणतेत तिथंच पाय ठेवतो, म्हणून जिता हाय, आसं. तुज्या सांगण्यावर दोन हिवाळे जगलं लेकरू."

त्यांनी तोच हात पुन्हा पुढं केला.

"आता परत धर."

मी धरला. यंत्राच्या बोटांना काही कळत नाही, पण डोळ्यांना दिसत होतं. रुंद पंजा, आखूड बोटं. दत्ताचा हात असाच होता.